बाबा गोळ्या वाचवत होते. औषधाच्या खर्चासाठी मदत कुठे आणि कशी मागावी?

सायसावली (रविवार, रात्री १०:४०)

आज दुपारी बाबांची औषधांची पेटी आवरायला घेतली आणि हातपायच गळाले. एका महिन्यात संपायला हवा तो साठा दोन महिने पुरत होता. मी औषधांबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "आहेत गं अजून, इतक्यात पाठवू नकोस." मलाही कधी शंका आली नाही. आज पाकिटांवरच्या तारखा लावून बघितल्या तेव्हा उलगडा झाला.

बाबा ७१ वर्षांचे. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एपिक्साबॅन सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आहे. गेले चार महिने ते फक्त सकाळची घेत आहेत. विचारलं तर म्हणाले, "एक घेतोय की. बंद कुठे केलीय? तुझ्यावर किती भार टाकू?" त्यानंतर माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

खर्च जड जातोय हे खरं आहे. एकूण नऊ औषधं आहेत, पण त्यातली ही एकच निम्मं बिल खाते. माझ्यावर घराचे हप्ते आहेत, तरी मी कुठूनही जमवलं असतं. आता प्रश्न असा आहे की मदत मागायची तर कोणाकडे, आणि काय म्हणून मागायची? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

स्टेथो (रविवार, रात्री ११:०५)

पैशांचं नंतर बोलू. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना फोन. चार महिने एकच गोळी चालू होती हे स्पष्ट सांगा. आजची रात्रीची गोळी राहिली असेल तर आत्ता द्या, पण मागचं भरून काढायला दोन गोळ्या एकदम देऊ नका.

एपिक्साबॅनचं रक्तातलं प्रमाण साधारण १२ तासांत निम्म्यावर येतं, म्हणून ती दिवसातून दोनदा लिहितात. सकाळीच घेतली तर रात्री आणि पहाटे तिचा जोर बराच उतरलेला असतो. "एक घेतोय म्हणजे निम्मा फायदा" हा हिशेब इथे लागू होत नाही. मध्येच तोंड वाकडं झालं, एक हात उचलता येईना किंवा बोलणं अडखळलं, तर कोणाला विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

सायसावली (रविवार, रात्री ११:२०)

दिली गोळी. उद्या फोन करते. आभारी आहे.

खलबत्ता (सोमवार, सकाळी ८:१०)

मी फार्मासिस्ट आहे. रोज काउंटरवर असे बाबा बघतो. चिठ्ठी हातात देतात, बिल ऐकतात आणि हळूच म्हणतात, "यातली ही सध्या राहू द्या." नेमकी सगळ्यात महाग गोळी राहते, आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात गरजेची असते.

पहिलं काम म्हणजे चिठ्ठीवरच्या ब्रँडच्या नावाखालचं मूळ घटकाचं नाव ओळखणं. ते नाव जगभर जवळपास सारखं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची ही पद्धत १९५३ पासून चालू आहे. नावाच्या शेपटीवरून औषधाचं कूळही कळतं. शेवटी 'साबॅन' असेल तर रक्त गोठण्याच्या साखळीतला 'दहा-ए' नावाचा घटक अडवणारं औषध. 'सार्टन', 'प्रिल', 'स्टॅटिन', 'ग्लिप्टिन' ही अशीच कुळं आहेत. याचा उपयोग असा, की तोच घटक दुसऱ्या कंपनीत स्वस्त आहे का, आणि नसेल तर त्याच कुळातलं दुसरं औषध चालेल का, हे दोन प्रश्न तुम्हाला नेमके विचारता येतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार्मासिस्ट देऊ शकतो. दुसऱ्याचं फक्त डॉक्टर. कुळ एक असलं तरी मात्रा आणि वेळा वेगळ्या असतात. उदाहरणार्थ, बाबांच्या आजारात रिव्हारोक्साबॅन दिवसातून एकदाच देतात, पण ती जेवणासोबत घ्यावी लागते. डॅबिगॅट्रान त्याच कामाचं, पण दुसऱ्या कुळातलं औषध. तिची कॅप्सूल तर उघडायचीच नसते. कवच काढून आतले दाणे घेतले तर शरीरात कितीतरी जास्त औषध शोषलं जातं आणि रक्तस्रावाची भीती वाढते. तेव्हा घरच्या घरी अदलाबदल नको.

कधी कधी नवं महाग औषध हे जुन्याच औषधाचं भावंड असतं. ओमेप्राझोलच्या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. त्यातलं एक वेगळं काढलं की झालं एसोमेप्राझोल. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन यांचंही तेच. नवं वाईट नाही, पण अनेकांचं जुन्यावरही छान भागतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळीही तपासून घ्या. सुटे घटक कधी स्वस्त पडतात, कधी उलट.

झुळूक (सोमवार, सकाळी ९:३२)

जेनेरिकची, म्हणजे तोच घटक दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या स्वस्त गोळीची, मला भीती वाटते. त्यात औषध २० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं असं कुठेतरी वाचलं होतं. सासूबाईंना म्हणून मी अजून ब्रँडच देते, ओढाताण करून का होईना. हृदयाच्या औषधात असा धोका घ्यायचा का?

खलबत्ता (सोमवार, दुपारी १:१५)

झुळूक, ही भीती फार जणांना आहे, म्हणून नीट उलगडून सांगतो.

तो आकडा गोळीत औषध किती आहे याचा नाहीच. नवी गोळी मूळ गोळीच्या तोडीची आहे हे दाखवायला निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजतात. जास्तीत जास्त किती चढलं आणि एकूण किती शोषलं गेलं, ही दोन मापं. दोन्ही गोळ्यांच्या मापांचं गुणोत्तर काढतात. प्रयोगात थोडी अनिश्चितता असतेच, म्हणून त्या गुणोत्तराभोवती एक पट्टा धरतात, आणि तो सगळाच्या सगळा पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. सरासरीच २० टक्क्यांनी घसरली तर पट्ट्याचं एक टोक बाहेर जातं आणि गोळी नापास होते. उत्तीर्ण झालेल्या गोळ्यांची सरासरी मूळ गोळीच्या खूप जवळ असते.

मात्र एक खरी सावधगिरी आहे. काही औषधांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. रक्ताची गुठळी टाळणारी जुनी वॉर्फरिन, फिटची फेनिटॉइन, थायरॉईडची लिव्होथायरॉक्सिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस. ही दर महिन्याला वेगवेगळ्या कंपनीची घेऊ नयेत. स्वस्त कंपनी निवडा, पण मग तीच धरून ठेवा, आणि बदलताना डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्या.

पायवाट (सोमवार, दुपारी २:५०)

वॉर्फरिनचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव. माझी हृदयाची झडप धातूची आहे. अशा झडपेला नव्या 'साबॅन' गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे मी अकरा वर्षं वॉर्फरिनवर आहे. हे औषध माणसांसाठी १९५४ पासून वापरात आहे आणि गोळी अगदी स्वस्त.

पण स्वस्त गोळी म्हणजे स्वस्त उपचार असं समजू नका. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, वरचेवर करावी लागते. एट्रियल फिब्रिलेशनवाल्यांना तो आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. सुरुवातीला मला दर आठवड्याला जावं लागायचं. तपासणीचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च, सोबत येणाऱ्याची बुडालेली रजा हे सगळं बेरजेत धरा. साधं अँटिबायोटिक घेतलं तरी आकडा हलतो. हिरव्या पालेभाज्या खायच्या तर रोज साधारण सारख्या प्रमाणात, एकदम खूप किंवा एकदम बंद असं नाही. तपासणी घराजवळ होत असेल आणि घरात लक्ष ठेवणारं कोणी असेल तर हा मार्ग उत्तम चालतो, माझा चालला आहे. बाबा एकटे राहत असतील तर दोनदा विचार करा.

निवृत्त_मास्तर (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

सायसावली, बेटा, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा आहे. इथे सगळे उपाय सांगतायत. मी फक्त ते असं का वागले असतील ते सांगतो.

आयुष्यभर घरात पैसा आणणारा माणूस एके दिवशी बघतो की आपल्या नावाने फक्त खर्च येतोय. मुलगी महिन्याच्या महिन्याला पैसे भरते, एका शब्दाने बोलून दाखवत नाही, आणि ते न बोलणंच जड होतं. मग तो हातात असलेली एकच गोष्ट करतो. स्वतःतून कापतो. कपडे कमी, प्रवास कमी, मग गोळी कमी. आणि गोळी कमी केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही! ना दुखत, ना खुपत. त्यामुळे वाटतं, जमतंय की.

मला काचबिंदू आहे. रोज रात्री एक थेंब घालायचा असतो. मी गेलं वर्षभर एक दिवसाआड घालतोय. घरात कोणाला माहीत नाही. हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

बाबांवर रागावू नकोस. त्यांना बिल दाखव, तुझा पगारही दाखव. आम्हाला आकडे लपवले की आम्ही आमचे आकडे धरून बसतो.

सायसावली (सोमवार, रात्री ९:४५)

मास्तरकाका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने स्वतःच गोळी मागून घेतली.

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, गुरुवारी बोलावलंय. दोन्ही वेळची गोळी नीट चालू ठेवायला सांगितलं आहे.

तुमच्या डोळ्यांचं मात्र राहून राहून मनात येतंय.

स्टेथो (सोमवार, रात्री १०:३०)

मास्तर, आधी तुमच्यासाठी. काचबिंदूत नजर कडेने जाते आणि हळू जाते, म्हणून कळत नाही. जी गेली ती परत येत नाही. तुम्ही थेंब वाचवताय आणि नजर खर्च करताय, एवढं कळकळीने सांगतो. याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि वर्षभराचं खरं सांगा. रोज एकदाचा थेंब म्हणजे बहुधा लॅटॅनोप्रॉस्ट किंवा त्याच्या कुळातला असेल. लॅटॅनोप्रॉस्ट १९९६ मध्ये आलं, आता अनेक कंपन्या बनवतात. टिमोलॉल त्याहून जुनं आहे, पण दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर ते चालत नाही. आणि एक साधी गोष्ट. डोळ्यात एका थेंबापेक्षा कमीच द्रव मावतो, दुसरा थेंब फक्त गालावर ओघळतो. एक घालून डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. बाटली जास्त दिवस पुरते.

आता सगळ्यांसाठी, डॉक्टर म्हणून. आम्हाला औषधांच्या किमती नीट माहीत नसतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००७ मध्ये एक आढावा छापून आला होता. डॉक्टर महाग औषधं असतात त्यापेक्षा स्वस्त समजतात आणि स्वस्त औषधं असतात त्यापेक्षा महाग समजतात, असं त्यात दिसलं. तो वाचल्यावर मी स्वतः माझ्या नेहमीच्या औषधांच्या किमती काढून बघितल्या आणि बराच चुकलो होतो. तेव्हापासून मी विचारतो, "हे दर महिन्याला परवडेल का?" पण सगळे विचारत नाहीत. तुम्ही सांगायला हवं, आणि चिठ्ठी लिहून होण्याआधी सांगायला हवं. "डॉक्टर, हे औषध मला दर महिन्याला घेणं जमणार नाही. दुसरं काय चालेल?" एवढं वाक्य पुरतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न सांगता औषध कमी केलं तर आम्हाला वाटतं औषध लागू पडत नाही, आणि आम्ही त्याहून महाग लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात होतं की विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. पैसा हे त्याचं एकमेव कारण नाही, पण मोठं आहे.

गुरुवारी जाताना नऊच्या नऊ औषधं पिशवीत घालून न्या, यादी नको. प्रत्येकापुढे विचारा, ही कशासाठी आणि अजून लागते का? काही औषधं तात्पुरती सुरू झालेली असतात आणि मग चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत राहतात.

पण स्वतःहून काही थांबवू नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणारी गोळी, एकदम सोडली तर ठोके आणि रक्तदाब उसळतो, फिटची गोळी सोडली तर फिट येते, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

केवडा (मंगळवार, सकाळी ७:५५)

आमच्याकडे डॉक्टरांनीच दुप्पट ताकदीची गोळी लिहून अर्धी करून घ्यायला सांगितली आहे, कारण मोठी गोळी छोटीच्या दुप्पट महाग नसते. हे सगळ्या गोळ्यांना करता येईल का?

खलबत्ता (मंगळवार, सकाळी ८:४०)

सगळ्यांना नाही. मधोमध रेघ असेल आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्टने हो म्हटलं असेल तरच. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असली तर ती हळूहळू सुटणारी गोळी असते, मोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेली गोळीही मोडायची नाही. गोळी कापायचं छोटं यंत्र मिळतं, सुरीपेक्षा ते बरं, आणि एका वेळी एकच गोळी कापा.

सायसावली, बाबांच्या बाबतीत अजून एक. एपिक्साबॅनची कमी मात्रा खरोखर काही रुग्णांना देतात, पण त्याचे निकष ठरलेले आहेत. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. या तिघांपैकी दोन असतील तर. तेव्हाही गोळी दिवसातून दोनदाच असते. पैसे वाचावेत म्हणून कमी मात्रा मागू नका.

ओंजळ (मंगळवार, दुपारी १२:१०)

आता मदत मागण्याचं सांगते, कारण त्यात माझी बरीच वर्षं गेली.

माझ्या नवऱ्याला सीएमएल म्हणजे रक्ताचा एक कर्करोग झाला. इमॅटिनिब नावाची गोळी या आजारासाठी २००१ मध्ये आली आणि तिने हा आजार रोजच्या गोळीवर आणून ठेवला. पण गोळी रोज, वर्षानुवर्षं. पहिल्या महिन्याचं बिल बघून मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून राहिले होते. तिथे एक परिचारिका मला समाजसेवा विभागात घेऊन गेली. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात हे मला माहीतच नव्हतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९०५ मध्ये हे काम सुरू झालं, तिथून ते जगभर पसरलं. कोणती संस्था कोणत्या आजाराला मदत करते आणि अर्ज कुठे अडकतो, हे त्या माणसांना पाठ असतं. सायसावली, पहिला दरवाजा हाच ठोठाव.

त्यांच्याकडून कळलं की महाग औषध बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे रुग्ण साहाय्य कार्यक्रम असतात. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर औषध मोफत किंवा सवलतीत देतात. हे डॉक्टरांच्या सहीशिवाय होत नाही. आम्हाला लागलेली कागदपत्रं म्हणजे निदानाचा अहवाल, चालू चिठ्ठी, ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि विमा नाही किंवा विमा हे औषध देत नाही याचं पत्र. आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला. अहवालावर आणि ओळखपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, एवढंच कारण. ते एक अक्षर दुरुस्त करायला पाच आठवडे गेले आणि त्या काळात गोळ्या उसन्या पैशांनी आणल्या.

म्हणून सांगते, सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आज रात्रीच बघ. प्रत्येक कागदाच्या चार प्रती ठेव. ज्याच्याशी फोनवर बोललीस त्याचं नाव, तारीख आणि तो काय म्हणाला हे वहीत लिही. मंजुरी ठरावीक मुदतीची असते, ती संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाला लाग. आणि साठा संपत आल्यावर अर्ज करू नकोस, हातात महिन्याच्या गोळ्या असतानाच कर.

असे कार्यक्रम कायमचे नसतात. स्वस्त जेनेरिक आलं की कंपनी हात आखडता घेऊ शकते. आमच्या वेळी तसंच झालं, पण तोवर जेनेरिक इमॅटिनिब आम्हाला परवडू लागलं होतं. नवरा आज कामावर जातो. वर्षानुवर्षं आजार अगदी खोलवर दबलेला राहिला तर काही जणांना ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवूनही बघता येते. आम्ही पुढच्या तपासणीनंतर ते विचारणार आहोत.

उंबरठा (मंगळवार, दुपारी ३:३०)

विम्याबद्दल थोडं. नकार आला की बहुतेक जण तिथेच थांबतात. मी दोनदा अपील केलं, दुसऱ्यांदा मंजूर झालं. फरक पडला तो डॉक्टरांच्या पत्राने. "रुग्णाला या औषधाची गरज आहे" एवढंच लिहिलेलं चालत नाही. आधी कोणती औषधं दिली, किती दिवस, त्यांचा काय त्रास झाला, हे औषध नाही दिलं तर काय होईल, हे तारखांसह हवं. मी स्वतः जुन्या चिठ्ठ्यांवरून तारखांचा तक्ता करून डॉक्टरांना दिला, त्यांनी त्यावरून पत्र लिहिलं. त्यांच्याकडे वेळ नसतो, आपल्याकडे चिठ्ठ्या असतात. नकाराचं कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत आधी बघा.

रानजाई (मंगळवार, रात्री ८:०५)

माझी मुलगी १४ वर्षांची, टाइप १ मधुमेह. इन्सुलिन वाचवणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. घरातले पैसे संपले होते तेव्हा तिने मला न सांगता डोस कमी केले. तीन दिवसांत अतिदक्षता विभागात. रक्तात आम्ल साचलं होतं. ती सुधारली, पण ते तीन दिवस मी विसरू शकत नाही.

टोरोंटोत १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं. ज्यांनी शोधलं त्यांनी १९२३ मध्ये पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, कारण ते सगळ्यांना मिळावं अशी त्यांची इच्छा होती. शंभर वर्षांनंतरही आईला हिशेब करावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो.

आम्हाला डॉक्टरांनी महागड्या ॲनालॉगवरून, म्हणजे रचना थोडी बदललेल्या नव्या इन्सुलिनवरून, जुन्या मानवी इन्सुलिनवर आणलं. ते बरंच स्वस्त आहे. पण त्याच्या वेळा वेगळ्या, जेवणाआधी साधारण अर्धा तास टोचावं लागतं, आणि दीर्घ काम करणाऱ्या प्रकाराचा जोर मध्येच चढतो, म्हणून रात्री साखर उतरण्याची भीती असते. पहिले पंधरा दिवस मी रात्री दोनला उठून साखर तपासत होते. देखरेखीखाली हे जमतं, मनाने करू नये. बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच इन्सुलिनबद्दलही विचारा.

झुळूक (मंगळवार, रात्री ९:१२)

रानजाई, मुलीला आणि तुम्हाला खूप बळ मिळो.

मी आज सासूबाईंच्या डॉक्टरांना जेनेरिकबद्दल विचारलं. त्यांनी लगेच लिहून दिलं. इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं. एका मैत्रिणीने एका संकेतस्थळाचं नाव दिलंय, तिथे चिठ्ठी न मागता अर्ध्या किमतीत मिळतं म्हणे. बघावं का?

खलबत्ता (मंगळवार, रात्री ९:३०)

नको. चिठ्ठी न मागणं हीच धोक्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. परवाना असलेलं दुकान, पक्कं बिल, पाकिटावर बॅच क्रमांक, हे असेल तरच घ्या. शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्याही नको, त्या कशा ठेवल्या होत्या कोणाला ठाऊक.

सायसावली (शुक्रवार, रात्री १०:१५)

काल जाऊन आलो. पिशवी टेबलावर ओतली तेव्हा डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं.

नऊपैकी तीन बंद झाली. त्यातल्या दोन टॉनिकच्या कॅप्सूल होत्या, एकच जीवनसत्त्व दोन नावांनी. तिसरी ॲस्पिरिन, कुठल्यातरी जुन्या चिठ्ठीतून चालत आलेली. बाबांना स्टेंट वगैरे काही नाही, आणि एपिक्साबॅनसोबत ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका उगाच वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. ती स्वस्तच होती, पण बरं झालं पिशवी नेली. रक्तदाबाची जोडगोळी सुटी करून दिली आहे, ती स्वस्त पडते. एपिक्साबॅन तीच, दुसऱ्या कंपनीची. वॉर्फरिनबद्दल मी विचारलं. तपासणी केंद्र लांब आणि बाबा एकटे, म्हणून सध्या नको म्हणाले, अगदीच अडलं तर बघू.

समाजसेवा विभागातल्या बाईंनी अर्ज दिला. ओंजळताई, तुमचा इशारा खरा ठरला. बाबांच्या ओळखपत्रावर मधलं नाव आहे आणि अहवालावर नाही. तिथेच दुरुस्तीचं पत्र लिहून घेतलं.

मी बाबांना माझा पगार आणि सगळं बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "मला वाटलं होतं याहून जास्त असेल." आता रोज रात्री गोळी घेतली की वहीत खूण करून मला फोटो पाठवतात.

मास्तरकाका, बाबांनी तुम्हाला निरोप दिलाय. जसाच्या तसा लिहिते: "मी दोन्ही वेळा घेतो आहे. तुम्ही डोळे दाखवलेत का?"

निवृत्त_मास्तर (शनिवार, सकाळी ६:४०)

बाबांना सांग, काल संध्याकाळी दाखवले. सून सोबत आली होती, तिला जाताना रिक्षातच सगळं सांगितलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे. उजवा चांगला आहे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलंय, आणि डोळ्याचा कोपरा कसा दाबायचा ते डॉक्टरांनी माझा हात धरून दाखवलं. रात्री साडेनऊला एक थेंब घातला.